अठ्ठेचाळिसावा दिवस

पहाटे 5:40

स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर तापमापक टांगलाय. काचेला नाक लावून टॉर्च मारते. उणे सहा. झोपताना उणे एक होतं, म्हणजे रात्री वारा पडला आणि आकाश मोकळं राहिलं. एका शेगडीवर चहाचं आधण ठेवते, दुसरीवर कोंबड्यांसाठी पातेलंभर पाणी.

फ्रिजच्या कडेला कालनिर्णय आहे. फलटणला आई त्याच्या चौकोनांत दुधाचा हिशोब लिहायची, मी कोंबड्यांचा लिहिते. आजच्या मंगळवारात लिहिलं: ‘दि. 48. पक्षी 58. उणे 6.’ त्यात छापलेला सूर्योदय मुंबईचा, त्याचा इथे काही उपयोग नाही. आम्ही राहतो मिनेसोटाच्या उत्तरेला, डुलुथपासून पश्चिमेला पाऊण तासावर. ऑक्टोबरच्या मध्यावर इथे सूर्य साडेसाताच्या सुमारास उगवतो आणि दिवस रोज तीन-एक मिनिटांनी आखडतो.

ठरल्याप्रमाणे झालं असतं तर आज या चौकोनात काही लिहावंच लागलं नसतं. पक्षी ऑक्टोबरच्या 1 तारखेला फ्रीझरमध्ये गेले असते.

थंड मुलखात मांसाच्या कोंबडीची तारीख उलटी मोजायची असते. आधी कापायचा दिवस धरायचा, तिथून सात आठवडे मागे गेलं की पिल्लं यायचा दिवस, आणि त्याच्याही महिना-दीड महिना आधी हॅचरीला ऑर्डर. कापायचा दिवस कुठला, तर दोन टोकांमधला. सप्टेंबरात कापायला बसलं की टेबलाभोवती गांधीलमाश्या जमतात, मांसाचे तुकडे तोडून नेतात, हाताला डसतात. गोठलेल्या दवाच्या दोन-चार कडक रात्री गेल्या की त्या संपतात. मग थोडे दिवस असे मिळतात की माश्या नाहीत, हवा थंड असल्यानं मांस चटकन गार होतं, आणि दिवसा नळीतून पाणीही वाहतं. त्यानंतर पाणी गोठायला लागतं. या दोन्हींच्या मधली फट दोन-तीन आठवड्यांची. तिच्यात बसलात तर बसलात.

यंदा मी नाही बसले. बाबांच्या वर्षश्राद्धासाठी फलटणला गेले होते. ऑगस्टच्या मध्याला परत आले तेव्हा हॅचरीची पुढची मोकळी तारीख होती महिन्याच्या शेवटच्या बुधवारची. नवरा म्हणाला, राहू दे या वर्षी. मी म्हटलं, पंधरा दिवसांनी काय होतंय!

6:35

अजून अंधारच आहे. कपाळावर दिवा, दोन्ही हातांत कोमट पाण्याच्या बादल्या. पायाखाली गवत पापडासारखं मोडतं.

आमची दोन फिरती खुराडी आहेत. इथे त्यांना ‘चिकन ट्रॅक्टर’ म्हणतात, इंजिन नसलं तरी. लाकडी चौकट, वर कमानीसारखी वाकवलेली गुरांच्या कुंपणाची जाळी, त्यावर ताडपत्री, खाली जमीनच. रोज एक खुराड्याची लांबी पुढे सरकवायची, म्हणजे पक्ष्यांना ताजं गवत मिळतं आणि विष्ठा मागे कुरणाला. व्हर्जिनियातल्या जोएल सॅलटिन या शेतकऱ्यानं ही पद्धत गाजवली. त्याचं खुराडं 10 बाय 12 फुटांचं आणि जेमतेम दोन फूट उंच. व्हर्जिनियात ठीक आहे. इथे दोन फुटांच्या खुराड्यात पहाटे वाकून बर्फ फोडायचा म्हणजे कंबरेचं काही खरं नाही.

निपलचं पाणी सप्टेंबरअखेरीलाच बंद केलं; ती पितळी टोकं सगळ्यात आधी गोठतात. त्यांच्या जागी काळे रबरी टब आहेत. टब उपडा करून टाचेचा एक दणका दिला की आतला बर्फ अख्खी थाळी होऊन बाहेर पडतो. आजची थाळी बोटभर जाड. दिव्याच्या उजेडात धरली तर आत खाद्याचे कण, एक पांढरं पीस आणि कुणाच्या तरी पायाचा अख्खा ठसा. पाणी गोठत असताना कुणीतरी त्यात उभं होतं. कुरणाच्या कडेला अशा थाळ्यांची चळत झालीय, चार दिवसांची. दुपारी ऊन असूनही परवाच्या अजून वितळलेल्या नाहीत.

ताडपत्री उचलली की वाफ अंगावर येते. अठ्ठावन्न पक्षी दोन ढिगांत बसलेत, एकमेकांना चिकटून. मी आधी वास घेते, मग आवाज ऐकते, मग मोजते. नाकाला अमोनिया झोंबला तर पेंढा कमी पडला. आवाज अगदी बंद असेल तर ढिगाखाली कुणी गुदमरलंय का ते बघायचं. आज बारीक कुरकुर आहे, म्हणजे बरं आहे. मोजणी 58 भरली. एक मात्र कोमट पाणी आलं तरी उठली नाही. मनात नोंद केली.

या जातीचं नाव कॉर्निश क्रॉस. अंडं देणाऱ्या कोंबडीला दाट पिसं असतात, हिला अंग वाढवायचीच इतकी घाई की पिसं मागे पडतात. छातीखाली आणि पोटावर बोटभर रुंदीचा लालसर, उघडा पट्टा. त्या उघड्या पट्ट्यावरच ती दिवसाचा बराच वेळ बसून असते. अशा जनावराला गोठलेल्या जमिनीवर ठेवायचं तर खाली चार बोटं कोरडा पेंढा हवाच.

7:10

दादाचा फोन. तिकडे संध्याकाळचे पाच चाळीस, शेडवरनं बोलतोय, मागे पंख्यांचा घरघराट.

“काय म्हणतोय लॉट?”

“अठ्ठावन्न आहेत. रात्री उणे सहा झालं.”

“उणे? अगं, फ्रीझरातच पाळतेस का डायरेक्ट?”

दादाचा कंपनीशी करार आहे. पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची. शेड, मजुरी, वीज आपली. चाळीस-बेचाळीस दिवसांत पक्षी दोन किलोच्या वर गेला की गाडी येते. लॉट कधी टाकायचा हे आता तो ठरवतच नाही, कंपनी ठरवते. बाबांच्या काळी स्वतःचा धंदा होता तेव्हा बाबा कालनिर्णय घेऊन बसायचे. गटारी कधी, श्रावण कधी लागतो, नवरात्र कधी. गटारीला माल तयार हवा आणि श्रावणात शेड रिकामी हवी. एका वर्षी आठवडा चुकला आणि श्रावणातल्या पहिल्या सोमवारी आठशे पक्षी शेडमध्ये खात बसले होते. बाबा जेवले नव्हते त्या दिवशी. तिथली तारीख लोकांच्या तोंडावर चालते, म्हणून निदान भाव पाडून तरी माल उचलला जातो.

आणि फलटणला मारतो तो उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर गेला की पिल्लांना काही होत नाही, त्यांना ऊब हवीच असते. पटापट जातात ते दोन किलोचे, विक्रीला आलेले. मग पडद्यांना ओली पोती, छपरावर पाणी, दुपारी खाद्य बंद. मी लहानपणी पोती भिजवलीत. इथे ऑगस्टात पिल्लं ठेवली तर पहिल्या आठवड्याची 35 अंशांची ऊब राखणं त्यातल्या त्यात सोपं जातं, दिव्यावर भार रात्रीच जास्त पडतो. पुढे दर आठवड्याला तीन-तीन अंशांनी उतरायचं. बाहेरची हवाही उतरतच असते, पण तिला कुठे थांबायचं ते कळत नाही.

“पोट बघ त्यांचं,” दादा म्हणतो. “थंडीत पोटात पाणी होतं. वहिनी विचारतीये, दिवाळीचा फराळ पाठवायचा का?”

“पाठव म्हणावं. चकली जास्त.”

पोट बघ. न उठलेली ती एक मला आठवली.

9:50

खुराडं सरकवायचं काम उन्हाळ्यात मी पहाटे करते. ऑक्टोबरात नाही. गोठलेल्या गवतावर ढकललं तर कोंबड्यांच्या अंगाच्या ऊबेनं दव वितळतं, पोटाचा उघडा पट्टा ओला होतो आणि दिवसभर ओलाच राहतो. म्हणून ऊन वर येऊन गवत वाळेपर्यंत थांबायचं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी सात पक्षी गेले तेव्हा समजलं.

कुरणापलीकडे दलदलीतली टॅमरॅकची झाडं पिवळीजर्द झालीत. सूचिपर्णी असून पानं झडणारं हे झाड. बाकी सगळी पानगळ उरकली की याची पाळी. टॅमरॅक पिवळा असतानाच कापून मोकळं व्हावं, झडल्यावर नाही, असं शेजारचे आजोबा म्हणतात. झडायला अजून आठवडा असेल.

वरून हंसांची रांग गेली, कॅनडाकडून दक्षिणेला. आवाज छान असतो, पण मी आधी ताडपत्री नीट आहे का ते बघते. रानबदकं-हंसांबरोबर बर्ड फ्लू येतो. 2015 साली मिनेसोटात टर्की आणि कोंबड्या मिळून नव्वद लाखांच्या आसपास पक्षी गेले. 2022 मध्ये तो पुन्हा आला, वसंतात आणि परत शरदात. शरदातली बॅच म्हणजे नेमकी या प्रवासी पाखरांच्या रहदारीखाली उभी. तळ्याकाठी घालायचे बूट वेगळे आणि कुरणाचे वेगळे, हा घरातला नियम माझा पंधरा वर्षांचा लेक सोडून सगळे पाळतात.

11:30

वजन. काटा तोच, मुंबईच्या विमानाला बॅगा तोलायचा, हुक असलेला. त्याला फलटणच्या किराणा दुकानाची कापडी पिशवी. पिशवीत कोंबडी उभी घातली की डोकं बाहेर काढून गप्प राहते, बाजाराला निघाल्यासारखी.

बाबांचा नियम: वजनाला पक्षी निवडायचा नाही. डोळे मिटून कोपऱ्यातला पहिला हाताला लागेल तो. नाहीतर हात आपोआप मोठ्याकडे जातो आणि माणूस स्वतःलाच फसवतो.

आठ पक्षी तोलले. सर्वात लहान 2.1, सर्वात मोठा 2.75, सरासरी 2.4 किलो. साफ केल्यावर राहतील 1.7 किलोच्या आसपास. उन्हाळ्याची बॅच याच वयाला 2.7 होती. तीनशे ग्रॅम कुठे गेले, तर हवेत. अठरा ते चोवीस अंशांच्या दरम्यान वाढलेल्या ब्रॉयलरला ऊब राखायला वेगळा खर्च येत नाही. त्याच्या खाली जसजसं जावं तसतसं खाद्य चुलीत घातल्यासारखं जळतं. उन्हाळ्यात किलोमागे दोन-सव्वादोन किलो खाद्य लागलं होतं, या वेळी अडीचच्या पुढे गेलंय. म्हणजे पोत्यातला चांगला वाटा मी आभाळ तापवायला वापरतेय.

12:40

ती सकाळची. बाजूला घेऊन उलटी धरली. तुरा जांभळट, श्वास तोंडानं. पोटाला हात लावला तर पाणी भरलेल्या फुग्यासारखं डुचमळलं. जलोदर. दादा शेडवर बसून बरोबर बोलला.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठानं 2014 मध्ये एक तुलना छापली. 1957 च्या वाणाच्या, 1978 च्या आणि 2005 च्या कोंबड्या एकाच प्रकारे वाढवल्या आणि छप्पन्नाव्या दिवशी तोलल्या: 905 ग्रॅम, 1808 ग्रॅम, 4202 ग्रॅम. माझ्या हातातली त्या तिसऱ्या रांगेतली. अंग चौपटीच्या पुढे गेलं, हृदय-फुप्फुसं त्या मानानं वाढली नाहीत. त्यात थंडी पडली की शरीर ऊबेसाठी आणखी प्राणवायू मागतं. फुप्फुसांतून रक्त ढकलता ढकलता हृदयाची उजवी बाजू थकते, रक्त मागे तुंबतं आणि पाणी पोटात झिरपतं.

उपाय म्हणून वाढ जरा मंदावायची, म्हणजे रात्री खाद्य काढून घ्यायचं. मी तिसऱ्या आठवड्यापासून ते करतेच. पण उणे सहाला रात्रभर उपाशी ठेवलं तर ऊब कशाची करणार? आणि खायला दिलं तर हृदयावर ओझं. गेले चार दिवस मी अर्धं खाद्य ठेवते, अर्धं काढते. अशा अर्ध्या-अर्ध्या तोडग्यांनी कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही.

या कोंबडीचं मात्र ठरवायला काही नव्हतं. गोठ्यामागे नेली, मांडीत धरून डोळ्यांवर हात ठेवला, शांत झाल्यावर मान उतरवली. पोट उघडलं तर पिवळसर, स्वच्छ पाणी, चहाच्या दोन कपांएवढं. हृदय फुगून सैल पडलेलं. हे मांस घरात येत नाही, पुरलं.

कालनिर्णयात 58 खोडून 57.

1:30

कालचं पिठलं, भात. जेवता जेवता हवामानाचा अंदाज: उद्या ढगाळ, दोन अंश. गुरुवारी दिवसा चार. गुरुवारी मध्यरात्रीनंतर वायव्येचा वारा, शुक्रवारी बर्फ, शनिवारी पहाटे उणे दहा.

कापायचं ठरलंय शनिवारी. नवरा घरी, आजोबा मोकळे, सगळं रीतसर. आई परवाच फोनवर म्हणाली होती, “शनिवारी धनत्रयोदशी आहे गं.” मी तेव्हा विषय बदलला होता.

पाकिटाच्या पाठीवर हिशोब. शनिवारऐवजी गुरुवारी कापलं तर दोन दिवसांची वाढ बुडते. चांगल्या हवेत दिवसाला पक्ष्यामागे 85 ग्रॅम धरले, तर 57 पक्ष्यांचे दोन दिवसांत 9.7 किलो, साफ करून सात किलोच्या आसपास. त्या दोन दिवसांचं खाद्य, पक्ष्याला रोज 220 ग्रॅम धरून, 25 किलो. खाद्याचं पोतं 50 पौंडांचं, 22.7 किलोचं. सात किलो मांसासाठी पोत्याहून थोडं जास्त. इथवर वाईट सौदा नाही. पण 85 ग्रॅम चांगल्या हवेतले. बर्फात आणि वाऱ्यात ते पन्नास होतील, वीसही होतील. खाद्य मात्र कमी होणार नाही, वाढेल. आणि आज एक गेली. त्या तुऱ्याच्या रंगाच्या आणखी तीन आहेत, सकाळी दिव्याच्या पिवळ्या उजेडात मला दिसल्या नव्हत्या.

गुरुवारी लेकाला शाळा नाही. मिनेसोटात ऑक्टोबरच्या तिसऱ्या गुरुवार-शुक्रवारी शिक्षकांच्या परिषदेची सुट्टी असते. त्याने त्या सुट्टीचे काही वेगळे बेत केले असणार.

3:00

शेजारचे आजोबा पिकअप घेऊन आले. या भागात फिनलंडहून आलेल्यांची वस्ती बरीच. त्यांचे आजोबा सौना आधी बांधून तिच्यात राहिले आणि घर नंतर बांधलं. पिसं काढायचं यंत्र त्यांचं: रबरी बोटं लावलेलं फिरतं पिंप. बदल्यात त्यांना सहा कोंबड्या.

हवामानाचं विचारलं तर ते आकाशाकडे बघत नाहीत, सन सांगतात. 1991 च्या हॅलोविनला त्यांनी स्वतः फावडं मारलं. डुलुथला त्या वादळात 36.9 इंच बर्फ पडला. आणि 1940 च्या 11 नोव्हेंबरची गोष्ट त्यांच्या वडिलांची. सकाळी इतकं उबदार होतं की लोक पातळ कोटात बदकांच्या शिकारीला गेले. दुपारपर्यंत पारा कोसळला, वारा सुटला. एकट्या मिनेसोटात 49 माणसं गेली, त्यात शिकारी बरेच. थँक्सगिव्हिंगसाठी वाढवलेल्या टर्की तेव्हा उघड्यावर असत, त्या उभ्याच्या उभ्या गोठल्या. तयार होऊन बाजाराची वाट बघत थांबलेल्या.

“गुरुवारी जमेल?” मी विचारलं.

त्यांनी जरा वेळ टोपी खाजवली. यंत्र गुरुवारी मिळेल, पण पिसं भिजवायच्या पाण्याचं काय? खरी अडचण तीच. मारलेली कोंबडी 63 ते 65 अंशांच्या पाण्यात मिनिटभर बुडवायची. कमी पडलं तर पिसं निघत नाहीत, जास्त झालं तर कातडी शिजून फाटते. उघड्यावर, वाऱ्यात, गॅसवरचं पातेलं तो आकडा धरत नाही. प्रत्येक कोंबडीगणिक उतरतं. शनिवारी उणे दहाला ते जमणारच नाही आणि नळी तर आधीच गोठलेली असेल. गुरुवारी चार अंशांत, भिंतीच्या आडोशानं, जमेल.

मग ते म्हणाले की सौना पेटवून ठेवतील. आतडी काढायचं टेबल कपडे बदलायच्या खोलीत टाकू, हात बधिर झाले की आत जाऊन शेकून यायचं. फिनिश माणसानं कोंबड्यांसाठी सौना देणं म्हणजे केवढी गोष्ट, हे इथे राहणाऱ्यालाच कळेल. मी चहा विचारला. आल्याचा चहा ते तिखट म्हणतात आणि दोन कप पितात.

4:20

पेंढ्याचे तीन गठ्ठे सोडले. दोन गठ्ठे खुराड्यांच्या वायव्य बाजूला उभे रचले, तिसरा आत पसरला. ताडपत्री वायव्येला जमिनीपर्यंत बांधली, आग्नेयेला वीतभर मोकळी ठेवली. सगळं गच्च बंद केलं तर ऊब राहते, पण ओलही राहते, आणि ओली ऊब कोरड्या थंडीपेक्षा वाईट. दादाही हिवाळ्यात पडदे वरून चार बोटं उघडेच ठेवतो.

विजेच्या जाळीचा करंट तपासला. या दिवसांत अस्वलं निद्रेआधी मिळेल ते खातात, आणि कोंबडीखाद्याचा वास त्यांना मैलावरून येतो म्हणे.

5:45

गिऱ्हाइकांना निरोप. वर्षाला हजारापर्यंत पक्षी स्वतः वाढवून स्वतःच्या जागेवर कापणाऱ्याला केंद्र सरकारच्या कोंबडी तपासणी कायद्यातून सूट आहे, आणि मिनेसोटाच्या राज्यघटनेतच लिहून ठेवलंय की आपल्या शेतातला माल विकायला परवाना लागणार नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला दोनदा वाचावं लागलं होतं. राज्यघटनेत भाजीवाली!

माझे वीस-बावीस पक्षी मिनियापोलिसच्या मराठी घरांत जातात, अडीच तासांवर. गुरुवारी कापतेय, पक्षी लहान आहेत, साफ करून 1.7, असं जरा अपराधी वाटूनच लिहिलं. पाच मिनिटांत उत्तरं. ‘बरंच झालं, मागच्या वेळची पातेल्यात मावत नव्हती.’ ‘कातडी काढून देशील ना?’ ‘रश्श्याला दीड-पावणेदोनचीच बरी गं.’ अख्खी कोंबडी ओव्हनमध्ये भाजणाऱ्या शेजाऱ्यांना अडीच किलोची हवी असते, आणि मी इतकी वर्षं तोच आकडा सगळ्यांना लावत आले.

नवऱ्यानं गुरुवारची रजा टाकली. लेकाला सांगितलं. त्याने जेवढा आवाज केला तेवढा अख्ख्या खुराड्यानं सकाळी केला नव्हता.

6:25

सूर्य गेला. शेवटचं कोमट पाणी, खाद्य अर्धं नाही, आज पूर्ण. दोनच रात्री राहिल्यात आणि पुढची उपाशीच जाणार आहे: कापायच्या आधी आठ-बारा तास पोट रिकामं हवं, नाहीतर आतडं फुटून मांस खराब होतं. म्हणून उद्या रात्री फक्त पाणी.

11:15

निजायच्या आधीची फेरी. उणे तीन, ढग आलेत, चांदणी दिसत नाही. ढग म्हणजे पांघरूण. आज सहापर्यंत उतरणार नाही.

ताडपत्री वर केली. वाफ कमी, पेंढा कोरडा. ढिगाऐवजी त्या पसरून बसल्यात, याचा अर्थ ऊब पुरतेय. हातमोजा काढून एकीच्या छातीखाली हात सरकवला. तापल्या भाकरीखाली हात जावा तसं. तिनं एक डोळा उघडला, मला ओळखलं की नाही कोण जाणे, आणि अंग आणखी खाली दाबून माझ्या हातावर बसली. थोडा वेळ तशीच वाकून राहिले. टबातल्या पाण्यावर कागदाएवढी साय धरली होती, ती बोटानं मोडली.

घरात येऊन कालनिर्णय. उद्याच्या चौकोनात: ‘सं. 8 नंतर खाद्य बंद. सुऱ्या धार. बर्फ 6 पिशव्या.’ गुरुवारच्या: ‘दि. 50.’ शनिवारचा रिकामा होता, तिथे लिहिलं: ‘आईला फोन.’

दोन्ही पातेली भरून शेगडीवर ठेवली, म्हणजे पहाटे नुसती आच लावायची.